बक्षिसी आणि वेतन

वाढप्यानें हंसतमुख असावें, पाण्याचा पेला रिकामा राहूं देऊं नये, गिऱ्हाइकाची आवड लक्षांत ठेवावी, म्हणजे बक्षिसी चांगली मिळते, हा उपदेश खोटा नाहीं. परंतु त्याची गरज कां पडली, हें अमेरिकेचा इतिहास सांगतो. तेथें यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीनें आगगाडीच्या शयनडब्यांवर दास्यमुक्त कृष्णवर्णीय चाकर नेमले. वेतन तुटपुंजें, बाकी प्रवाशांची मर्जी. भोजनगृहांतहि हीच रीत रुजली. चाकरांनीं १९२५ सालीं फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखालीं संघ स्थापून १९३७ सालीं वेतनवाढीचा करार मिळविला. वाढप्यांच्या वांट्यास मात्र १९६६ ची कायदादुरुस्ती आली. तिनें बक्षिसीचा कांहीं भाग किमान वेतनांत धरण्याची मुभा मालकांस दिली. म्हणून आम्हांस वाटतें कीं, वाढप्याच्या आधीं मालकास उपदेश करावा.