स्टाउटचा फेस आणि परंपरेचे वय

जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’मधील ‘सायक्लॉप्स’ हे प्रकरण शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एक चूक करीत आलो. बार्नी कीर्ननच्या गुत्त्यात बसलेली माणसे, त्यांच्यापुढे काळ्याभोर स्टाउटचे पेले, आणि त्यांवर सायीसारखा दाट, फिकट फेस, असे चित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे मोठ्या हौसेने उभे करीत असू. कादंबरीतला दिवस १६ जून १९०४ चा. आमच्या वर्णनातला फेस मात्र १९५९ चा होता!

फेस फिका का, हे कोडे तसे अवघड नाही. स्टाउटचा काळेपणा भाजलेल्या धान्यातून येतो. फेसात मात्र द्रव अगदी थोडा. बाकी सगळे वायूचे बुडबुडे. त्यांच्या असंख्य पातळ भिंतींवर प्रकाश विखुरतो आणि काळा रंग दिसेनासा होतो. कोऱ्या चहावरचा फेसही चहाहून फिकाच असतो. दाटपणाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिला इतिहास आहे.

बिअरमध्ये आंबण्यातून येणारा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो द्रवात सहज विरघळतो. त्याचे बुडबुडे मोठे होतात आणि फेस लवकर बसतो. त्यामुळे डब्लिनच्या पबमध्ये दोन पिंपे ठेवीत. एका पिंपातली ताजी, उसळती स्टाउट आधी ओतायची, फेस खाली बसू द्यायचा, मग दुसऱ्यातल्या शांत स्टाउटने पेला भरायचा. हे कसबाचे काम होते आणि पेल्यागणिक फरक पडे.

हे कसब यंत्रात कसे उतरवायचे, हा प्रश्न गिनेस कंपनीत मायकेल ॲश यांनी हाती घेतला. ॲश केंब्रिजचे गणितज्ञ. (याच कंपनीत डब्ल्यू. एस. गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये संख्याशास्त्रातला प्रसिद्ध निबंध लिहिला. तेव्हा मद्यशाळेत गणिती असणे तिथे नवलाचे नव्हते.) सहकारी मात्र ‘ड्राफ्ट गिनेस’वर कोटी करून या खटाटोपाला ‘डाफ्ट गिनेस’, म्हणजे वेडगळ गिनेस, म्हणत.

ॲश यांचे उत्तर होते नायट्रोजन. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतकाच विरघळतो. दाबाखाली मुरवलेली बिअर तोटीतल्या बारीक छिद्रांतून निघाली की त्याचे अतिसूक्ष्म बुडबुडे सुटतात. शिवाय हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असल्यामुळे बुडबुड्यांतला वायू बाहेर पडण्याची घाई करीत नाही. धान्यातील प्रथिने त्या भिंतींना बळकटी देतात. म्हणून ती साय टिकते. १७५९ मध्ये आर्थर गिनेस यांनी डब्लिनची मद्यशाळा भाड्याने घेतली, त्याच्या द्विशताब्दीच्या वर्षी ही नवी स्टाउट बाजारात आली.

गंमत पुढेच आहे. नव्या पिंपातून एका दमात पेला भरता येणे शक्य होते, पण ग्राहकांच्या डोळ्यांना थांबून भरलेलाच पेला खरा वाटे. म्हणून ओतणारा आजही पेला पाऊण भरतो, बाजूला ठेवतो, आणि मग वरचा भाग पुरा करतो. दुसरे पिंप गेले. त्याच्यासाठीचा थांबा राहिला. आम्हांला हा थांबा फेसाहून अधिक बोलका वाटतो, कारण १९५९ ची वस्तू त्याच्याच आधाराने जुनी झाली.

यंदा ‘सायक्लॉप्स’ शिकवताना आम्ही पेल्यांचे वर्णन गाळले. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “मग सर, ते नेमके काय पीत होते?” त्या दिवशीचा उरलेला तास पिंपांवरच गेला.