ध्वनीनें दिसलेला डोळा

डोळ्यानें जग पाहावें; परंतु जिवंत डोळ्याच्या आंत काय चाललें आहे हें कसें पाहावें, हा प्रश्न वैद्यकापुढें शतकानुशतकें पडून होता. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं १८५१ सालीं आपलें नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केलें आणि बाहुलीवाटे प्रकाश टाकून मागचा पडदा पाहतां येऊं लागला. पण या यंत्राची सारी मदार प्रकाशावर. पिकलेल्या मोतीबिंदूनें किंवा आंतील रक्तस्रावानें वाट अडविली कीं तें निरुपयोगी. मग वैद्य अंधाऱ्या खोलींत दिवा धरी, तो कोणत्या बाजूस आहे असें रोग्यास विचारी आणि उत्तरावरून पडद्याच्या स्थितीचा तर्क बांधी. तर्क चुकला तर मोतीबिंदु निघे, दृष्टि मात्र येत नसे.

जेथें प्रकाश अडतो तेथून ध्वनि जाऊं शकतो. समुद्रांत पाणबुड्या व धातूंत भेगा शोधण्यासाठीं प्रतिध्वनीचा उपयोग आधींच होत होता. १९५६ सालीं अमेरिकेंत मंट व ह्यूज यांनीं ही युक्ति डोळ्यास लावली. कानास ऐकूं न येणारा सूक्ष्म ध्वनि डोळ्यांत सोडावयाचा आणि प्रत्येक थरावरून तो किती वेळानें परततो यावरून अंतर काढावयाचें. त्यांच्या यंत्रावर मात्र केवळ उंचसखल रेषा उमटत. १९५८ सालीं बॉम व ग्रीनवुड यांनीं डोळ्याच्या छेदाचें चित्रच मिळविलें. परंतु त्यासाठीं डोळ्यापुढें पाणी ठेवावें लागे. भ्यालेलें मूल किंवा अंथरुणास खिळलेला वृद्ध यांना तें कसें सोसावें?

आमच्या मतें रोग्याच्या दृष्टीनें खरें मोठें पाऊल यानंतरचें. १९७२ च्या सुमारास ब्रॉन्सन यांनीं हातांत धरावयाचें साधन सिद्ध केलें. मिटलेल्या पापणीवर थोडा मऊ लेप लावून तें टेकविलें कीं चित्र तत्काळ दिसे. शोधाचें श्रेय पहिल्यांना खुशाल द्यावें. पण तो रोग्याच्या खाटेपर्यंत पोहोंचविणाऱ्याचें ऋण कमी लेखूं नये.

तरीहि या साधनाची मर्यादा आम्ही विसरूं नये. पडदा जागेवर आहे कीं सुटला आहे, हें ध्वनि सांगतो. त्या पडद्यास दिसतें कीं नाहीं, हें त्याला सांगतां येत नाहीं. त्यासाठीं आजहि दिवा धरून रोग्यालाच विचारावें लागतें.