अंगाईत उंदीर कशाला?

अंगाई म्हटली की डोळ्यांसमोर काय येतं? चांदोबा, पाळणा, परी, फार तर चिमणी आणि तिचं घरटं. आता फोनवर 'अंगाई' असं शोधलं तर निळ्या आकाशात डुलणारा चंद्र आणि त्याच्यावर निजलेलं गुबगुबीत बाळ दिसतं. बाळाची दुलई नवी, भिंतीचा रंगही नवा.

मराठीतल्या सगळ्यांत गाजलेल्या अंगाईंपैकी एकीत मात्र यातलं काहीच नाही. तिच्यात उंदीर आहेत. ते धान्याचे कण शोधत घरभर खुडबुडतात आणि काहीच न मिळाल्यानं निराश होतात. आई बाळाला सांगते की हेही लवकरच आपलं घर सोडून जातील, जसे नातेवाईक गेले तसे. घराच्या कुडाच्या भिंती कुजून त्यांना भोकं पडली आहेत. मोडकं दार करकरतं, तेही जणू घरचं दारिद्र्य लोकांना कण्हून सांगतं. शेवटी आईचं म्हणणं एवढंच, की ही झोपडी उभी आहे तोवर तू नीज, पुढची काळजी देवाला.

पाळण्यातल्या बाळाला कुणी असं सांगतं का? आणि सांगितलं, तर ते बालगीत कसं?

ही अंगाई लिहिणारा कवी नगरचा. दत्तात्रय कोंडो घाटे, म्हणजे मराठी कवितेतले 'दत्त' किंवा 'दत्तकवी'. जन्म १८७५, अहमदनगर. मृत्यू १८९९. जेमतेम तेवीस वर्षांचं आयुष्य. त्यातली लिहिण्याची वर्षं किती, याचा हिशेब तुम्हीच करा. ती वर्षं कसली होती, हेही बघा. १८९६-९७ मध्ये दख्खनमध्ये दुष्काळ पडला. त्याच सुमाराला मुंबईत प्लेग शिरला आणि तिथून मुलखात पसरला. १८९९-१९०० मध्ये पुन्हा मोठा दुष्काळ. नगर जिल्हा आधीच कमी पावसाचा, त्यामुळे दुष्काळाला पहिल्यांदा बळी पडणारा. या मुलखात एखाद्या घरातल्या उंदरालासुद्धा दाणा मिळू नये, यात कवीनं वाढवून सांगितलेलं फारसं काही नव्हतं.

ही अंगाई मराठी बालकवितेच्या इतिहासात इतकी वेगळी का वाटते, हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

१८५४ साली परशुरामपंत गोडबोले यांनी 'नवनीत' हा कवितासंग्रह तयार केला. शाळेत शिकणाऱ्यांच्या हाती पडलेलं हे कवितेचं पहिलं मोठं मराठी पुस्तक. त्यात मुक्तेश्वर, वामन पंडित, मोरोपंत असे जुने कवी होते. पिढ्यान् पिढ्या मुलांनी त्यातल्या आर्या आणि श्लोक पाठ केले. मराठी कान घडवण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. पण ती कविता मुलांसाठी लिहिलेली नव्हती. मोठ्यांच्या पंक्तीतलं ताट मुलांपुढे सरकवलं, एवढंच.

त्याच १८५४ साली सावित्रीबाई फुले यांचं 'काव्यफुले' आलं. त्यात मुलांना शिकायला सांगणाऱ्या, आळस सोडा म्हणणाऱ्या कविता आहेत. फुल्यांच्या कामाचा एक धागा नगरला येतो. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून नगरमध्ये चालू होतं आणि मिस सिंथिया फॅरार १८३९ पासून तिथं मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्यांची शाळा पाहून आपल्याला पुण्यात मुलींची शाळा काढावीशी वाटली, असं खुद्द जोतीरावांनी १८५३ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये सांगितलं. हे 'ज्ञानोदय' पत्रही १८४२ साली नगरलाच सुरू झालेलं. तेव्हा मुलांच्या हाती पुस्तक द्यावं आणि मुलींच्याही द्यावं, ही गोष्ट नगरला पुण्याआधी ठाऊक होती असं म्हणायला हरकत नाही.

पण त्या काळात मुलांसाठी लिहिलेल्या पद्याचा सूर एकच असे: शिका, खोटं बोलू नका, वडिलांचं ऐका. यात वाईट काही नाही. सावित्रीबाई ज्यांना 'शिका' म्हणत होत्या, त्यांच्यासाठी शिकणं हीच क्रांती होती. तरी अशा कवितेत बोलणारा उंचावर उभा असतो आणि ऐकणारं मूल खाली. इंग्रजीतही बराच काळ असंच होतं. आयझॅक वॉट्सच्या १७१५ च्या पुस्तकात मुलांसाठी उपदेशाची स्तोत्रं होती. मूल स्वतःच्या डोळ्यांनी जग बघतंय अशा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या कविता १८८५ मध्ये आल्या. उंचावरून खाली उतरायला इंग्रजीला एकशे सत्तर वर्षं लागली. मराठीत हे उतरणं ज्या थोड्या ठिकाणी घडलं, त्यातलं एक नगर.

दत्तांच्या अंगाईतली आई उंचावर नाही. ती त्याच गळक्या छपराखाली बसली आहे. ती बाळाला उपदेश करत नाही की खोटं सुख दाखवत नाही. जे आहे ते सांगते आणि थोपटते. बाळाला शब्द कळत नाहीत, लय कळते. शब्द आईसाठी आहेत. आपल्या ओव्या आणि पाळणे म्हणणाऱ्या बायकांना हे गुपित आधीपासून माहीत होतं. जात्यावर बसून सासरचं दुःख सांगायचं आणि मांडीवरचं मूल त्याच लयीत झोपवायचं. शिकलेल्या कवीनं तीच वाट छापील कवितेत आणली.

१८९५ मध्ये आणखी एक कवी नगरला आला. नारायण वामन टिळक. मूळचे कोकणातल्या करजगावचे. त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मग नगर हेच त्यांच्या कामाचं ठिकाण झालं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्यांच्याकडे परत आल्या. नगरला आणि पुढे राहुरीला त्यांचा संसार झाला. ती सगळी हकिगत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. वाचली नसेल तर जरूर वाचा. शंभरेक वर्षांपूर्वीचं मराठी इतकं आजचं वाटू शकतं, यावर विश्वास बसत नाही. दुष्काळ आणि प्लेगच्या त्या वर्षांत या घरात पोरकी मुलंही वाढली. घरात खाणारी तोंडं पुष्कळ आणि पैसा हातात टिकू न देणारा यजमान, असा तो कारभार.

टिळकांना 'फुलामुलांचे कवी' म्हणतात. मिशनचं 'बालबोधमेवा' नावाचं मुलांचं मासिक होतं, त्यात ते लिहीत. पण शाळेच्या पुस्तकातून घरोघरी पोचलेली त्यांची कविता फुलांची नाही. ती आहे 'केवढे हे क्रौर्य!'. पारध्यानं जखमी केलेली एक पक्षीण रक्त गाळत, पडत-उठत आपल्या ढोलीपर्यंत येते. पिलांना शेवटचा घास देते आणि तिथेच मरते. ही कविता शिकून शाळेतून घरी जाताना गलोल हातात धरवली नाही, असं सांगणारी माणसं जुन्या पिढीत भेटतात. कवितेत 'पक्ष्यांना मारू नका' असं सांगत बसणारा कुणी नाही. पक्षीण कशी मेली, तेवढंच कवी दाखवतो. मुलाला ते पुरतं.

दत्त आणि टिळक यांच्यातलं साम्य मला इथे दिसतं. मुलांना दुःख कळतं, हे दोघांनी गृहीत धरलं. ज्या गावात मुलं रोज भूक आणि मरण बघत होती, तिथं दुःख लपवणारी कविता लिहिणं हेच खोटं ठरलं असतं.

या गोष्टीतला तिसरा कवी नगरचा नव्हे, खानदेशातला. १९०७ साली जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. त्यामागे टिळकांची खटपट होती. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलानं कविता म्हटली आणि अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवलं. पुढे हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला. टिळक आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं. 'स्मृतिचित्रे'मधला ठोमरे हा पाठ्यपुस्तकातला गंभीर निसर्गकवी नाही. तो हट्टी आहे, लाडावलेला आहे, चटकन रुसणारा आहे.

बालकवींनी 'फुलराणी' खास मुलांसाठी लिहिली असं म्हणता येत नाही. पण मुलांनी ती आपली म्हणून घेतली. दत्तांनी मुलाला दुःखाचा वाटेकरी केलं, टिळकांनी कळवळा दिला आणि बालकवींनी खेळ दिला. तिथे एका कळीचं लग्न लागतं आणि सगळी सृष्टी वऱ्हाडी होऊन येते. त्यातून शिकण्यासारखं काही नाही, हीच त्यातली मोठी गंमत.

आता पुस्तकांचं बघू. मला या इतिहासात सगळ्यांत जास्त टोचते ती ही बाजू.

दत्त १८९९ मध्ये गेले. त्यांच्या नावावर छापील संग्रह नव्हता. बालकवी ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेले, वय सत्तावीस. त्यांच्याही हयातीत संग्रह निघाला नाही. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. मुलांसाठीची त्यांची पुष्कळशी रचना मासिकांच्या अंकांत विखुरलेली होती. मुलांची मासिकं मुलं हाताळतात, फाडतात, त्यांची होडी करतात. मोठ्यांचं पुस्तक कपाटात जपून राहतं, मुलांचं वापरून संपतं. म्हणून बालकवितेचा इतिहास लिहिताना हाती फार थोडे कागद लागतात.

हे फक्त मराठीतच झालं असं नाही. बंगालीत सुकुमार राय यांचं 'आबोल ताबोल' १९२३ च्या सप्टेंबरमध्ये निघालं. राय त्याच महिन्यात, पुस्तक निघण्याच्या काही दिवस आधी गेले होते.

नगरच्या कवींची कविता टिकली ती घरच्यांमुळे. दत्त गेले तेव्हा त्यांचा मुलगा विठ्ठल चार वर्षांचा होता. ज्या वडिलांनी मराठीतली इतकी गाजलेली अंगाई लिहिली, त्या वडिलांची आठवण या मुलाला कितीशी असणार? तोच मुलगा मोठा झाला आणि १९२२ मध्ये त्यानं 'दत्तांची कविता' हे पुस्तक छापलं. वडील जाऊन तेवीस वर्षं झाली होती, म्हणजे वडील जेवढं जगले तेवढीच. हा मुलगा म्हणजे वि. द. घाटे. 'दिवस असे होते' या आत्मचरित्राचे लेखक आणि १९५३ च्या अहमदाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पेशानं ते शिक्षणखात्यातले. आचार्य अत्र्यांच्या जोडीनं त्यांनी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. बापाविना वाढलेल्या मुलानं पुढे हजारो मुलांच्या दप्तरातली कविता निवडली.

टिळकांच्या घरीही तसंच झालं. मुलगा देवदत्त यांनी 'बालबोधमेवा'चं संपादन केलं आणि आईच्या 'स्मृतिचित्रे'मागेही तेच उभे राहिले. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी 'स्मृतिचित्रे'ची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. कवी आधी गेले आणि मागे राहिलेल्यांनी कागद गोळा केले.

नंतरची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' १९६१ मध्ये आली, पाडगावकरांनी, शांताबाईंनी मुलांसाठी लिहिलं. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि कवितेची निवड एका मोठ्या संस्थेच्या हाती गेली. मुलांची पुस्तकं रंगीत झाली, कागद गुळगुळीत झाला. हे सगळं चांगलंच झालं. पण या रंगीत पानांवरून दत्तांच्या घरातले उंदीर हळूहळू नाहीसे झाले. मुलांना वाईट वाटेल असं काही नको, असा एक न लिहिलेला नियम तयार झाला.

हा नियम कोणत्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केला, हा माझा प्रश्न आहे. नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, हा साखर कारखान्यांचा जिल्हा. दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या फडावर येतात. पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे आई-बाप कोयते घेऊन निघतात आणि थोरली बहीण धाकट्याला थोपटत बसते. कोपीला भिंत म्हणजे पाचट आणि दार म्हणजे लावलेलं फडकं. या मुलीला चंद्रावर निजलेल्या गुबगुबीत बाळाचं गाणं ऐकवायला हरकत नाही, तिलाही ते आवडेल. पण तिच्या कोपीची अंगाई तिच्याच जिल्ह्यातल्या कवीनं सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे, हे तिला कुणी सांगणार आहे का?

ही अंगाई तुमच्या फोनवर एका मिनिटात सापडेल. एकदा मोठ्यानं वाचा. शक्य असेल तर घरातल्या लहानग्याला वाचून दाखवा. ते विचारेल, उंदरांना खायला का मिळालं नाही? तेव्हा मात्र विषय बदलू नका.