शनिवारवाड्यातील महिरप

शाळेची सहल घेऊन पुण्यास गेलो असता शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाखाली आठवीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ही कमान तर आपल्या मशिदीसारखी आहे! पेशव्यांच्या घरी कशी आली?" तेव्हा धड उत्तर देता आले नाही. ते येथे देतो.

वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. घर ब्राह्मणाचे. आत चौक, देवघर. एका दरवाजाला गणेशाचे नाव. परंतु टोकदार कमान, सुरूच्या झाडाच्या घाटाचे लाकडी खांब, हौद आणि कारंजी ही रीत दख्खनचे सुलतान व मोगल यांच्याकडून आलेली. हजारी कारंजेच पाहा: सोळा पाकळ्यांचे कमळ इथले, पाण्याचा खेळ मोगल बागांतला. शब्दांचेही तसेच. ओटी, माजघर, परसू हे मराठी. दिवाणखाना, दालान, हौद हे फारसी-अरबीच्या वाटेने आलेले. आणि महिरप म्हणजे आपला मेहराबच! गणपतीच्या आराशीत महिरप लावणाऱ्या गृहिणीला हे ठाऊक नसते, आणि त्यावाचून तिचे काही अडतही नाही.

मात्र दगड-लाकूड जितके सहज एकत्र नांदले, तितकी माणसे नांदली नाहीत. १७२९ मध्ये बाजीरावाने बंगशाच्या तावडीतून छत्रसालास सोडविले. छत्रसालाची कन्या म्हणून ओळखली जाणारी मस्तानी पुण्यास आली. वाड्यात तिला महाल मिळाला, जाण्यायेण्यास दरवाजा मिळाला. पेशव्यांच्या कुटुंबात मात्र जागा मिळाली नाही. बाजीराव मोहिमेवर असता घरच्याच मंडळींनी तिला कैदेत ठेवले. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीस बाजीराव वारला. त्याच वर्षी मस्तानीही गेली.

मुलगा समशेरबहाद्दर मात्र पेशव्यांच्या घरात वाढला. १७६१ साली पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या जखमांनी मरण पावला. त्याचा मुलगा अलीबहाद्दर. बांद्याचे नवाब ते याच्याच वंशातले. मस्तानीच्या दरवाजास पुढे अलीबहाद्दर दरवाजा असेही म्हणू लागले.

१८२८ च्या आगीत आतले महाल जळाले. तट व दरवाजे तेवढे उरले. कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष पुण्याच्या केळकर संग्रहालयात मांडलेले आहेत. तिची कबर पाबळ गावी आहे. पुढील सहल तिकडे न्यावी असा विचार आहे.