पेरिकातान
पेरिकातान हा मलय व इंडोनेशियन भाषांतील शब्द असून त्याचा मूळ अर्थ 'बांधणी' किंवा 'बंधन' असा आहे. इंडोनेशियात तो मुख्यतः कायद्याची संज्ञा म्हणून, तर मलेशियात राजकीय आघाडीचे नाव म्हणून परिचित आहे.

व्युत्पत्ती
'इकात' म्हणजे बांधणे. या धातूला 'पेर' हा पूर्वप्रत्यय आणि 'आन' हा उत्तरप्रत्यय लागून हे नाम बनते. विणण्यापूर्वी सूत जागोजागी बांधून रंगवण्याच्या कलेला जगभर 'इकात' म्हणतात, तो शब्दही हाच. पाटणचा पटोला याच प्रकारातला. तो विणणारी साळवी घराणी मूळची जालन्याची असल्याचे परंपरा सांगते.

इंडोनेशियन कायद्यात
डच अमलात १८४८ साली लागू झालेल्या दिवाणी संहितेचा तिसरा भाग पेरिकातानविषयी आहे. येथे हा शब्द दोन पक्षांमधील कायदेशीर दायित्वाचा वाचक आहे. करारासाठी 'पेरजांजियान' असा वेगळा शब्द असून या दोहोंची गल्लत सहज होते. कलम १२३३ नुसार पेरिकातान करारातून किंवा थेट कायद्यातून उत्पन्न होते. म्हणजे बेकायदा कृत्याने दुसऱ्याचे नुकसान करणारा मनुष्य कोणताही करार केलेला नसतानाही भरपाईस बांधला जातो. कलम १२३४ प्रमाणे काही देणे, काही करणे किंवा काही न करणे हे या दायित्वाचे स्वरूप असते. कलम १३३८ नुसार विधिवत केलेला करार हा तो करणाऱ्यांपुरता कायदाच ठरतो.

मलेशियाच्या राजकारणात
१९५२ च्या क्वालालंपूर नगरपालिका निवडणुकीत मलय लोकांचा 'उम्नो' आणि चिनी लोकांची मलायन चायनीज असोसिएशन यांनी स्थानिक पातळीवर हातमिळवणी केली. १९५४ मध्ये भारतीय वंशीयांची मलायन इंडियन काँग्रेसही तीत सामील झाली. तुंकू अब्दुल रहमान यांच्या नेतृत्वाखाली या पेरिकातानने १९५५ मध्ये ५२ पैकी ५१ जागा जिंकल्या आणि १९५७ मध्ये स्वतंत्र मलायाची सत्ता हाती घेतली. मात्र ही गाठ नेत्यांच्या पातळीवरची होती; प्रत्येक समाजाचा पक्ष वेगळाच राहिला. १९६९ च्या निवडणुकीत आघाडीची पीछेहाट झाली, १३ मे रोजी क्वालालंपुरात वांशिक दंगल उसळली आणि संसद स्थगित झाली. १९७४ मध्ये अधिक पक्षांना सामावणाऱ्या बारिसान नासिओनालने तिची जागा घेतली.

२०२० मध्ये हे नाव पेरिकातान नासिओनाल या नव्या आघाडीच्या रूपाने परतले. तिचे नेते मुहिद्दीन यासिन त्याच वर्षी १ मार्च रोजी पंतप्रधान झाले. सरकारला टेकू देणाऱ्या उम्नोच्या काही खासदारांनी पाठिंबा काढून घेतल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.