रक्ताच्या कुपीचा प्रवास : मद्यधुंद वाहनचालनाच्या खटल्यांतील न्यायवैद्यक पुराव्याचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, दिवा परिसरालगतच्या कल्याण-शीळ मार्गावर मद्यप्राशनाच्या संशयावरून एखादा वाहनचालक अडविला जातो, तेव्हा त्याच्यावरील आरोप रस्ता, रुग्णालय, प्रयोगशाळा आणि न्यायालय अशा चार टप्प्यांतून जातो. यांपैकी प्रयोगशाळेचा आकडा निर्णायक मानला जातो. तो आकडा ज्या कुपीतून आला, ती त्याच चालकाच्या रक्ताची आणि सुस्थितीत होती काय, हा प्रश्न मात्र मागे पडतो. महाराष्ट्रातील काही महत्त्वाच्या खटल्यांच्या आधारे या प्रश्नाचा इतिहास तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वासाकडून आकड्याकडे

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अमलात आल्यानंतरच्या पहिल्या काळात वैद्यकीय पुरावा मुख्यतः डॉक्टरांच्या निरीक्षणावर अवलंबून होता. १९५१ साली कुलाब्यात झालेल्या अपघातावरून बेहराम खुर्शीद पेसीकाका यांच्यावर खटला झाला. त्यांच्या तोंडाला मद्याचा वास येत होता. परंतु त्यांचे बोलणे सुसंगत होते आणि ते सरळ रेषेत चालू शकत होते. आपण मद्यार्कयुक्त औषध घेतले होते, असा त्यांचा बचाव होता. निषिद्ध मद्य घेतल्याचे सिद्ध करण्याचा भार अभियोग पक्षावरच आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली त्यांची दोषसिद्धी रद्द केली.

या पार्श्वभूमीवर १९५९ साली अधिनियमात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा अधिक आढळल्यास निषिद्ध मद्य घेतले नसल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आला. त्याच वर्षीच्या नियमांनी रक्त काढण्याची, परिरक्षक द्रव्य घालण्याची आणि कुपी मोहोरबंद करण्याची रीत ठरवून दिली. आकड्याला कायद्याने वजन दिले, त्याचबरोबर त्याच्या शुद्धतेची अटही घातली. या अटीला शास्त्रीय आधार होता. परिरक्षक अपुरे असल्यास व नमुना उष्ण जागी राहिल्यास सूक्ष्मजीवांच्या क्रियेने रक्तात मद्यार्क नव्याने तयार होऊ शकतो; झाकण सैल असल्यास तो उडूनही जातो.

ताब्याची साखळी

धुळे जिल्ह्यातील १९६१ च्या अपघातातून उद्भवलेल्या उखा कोल्हे खटल्यात रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०६९ टक्के आढळले होते. तथापि, रुग्णालयात काढलेला नमुना रासायनिक परीक्षकाकडे जाईपर्यंत बरेच दिवस लोटले होते आणि या काळात तो कोणाच्या ताब्यात होता, याचा पुरावा अपुरा होता. उपचारादरम्यान काढलेले रक्त पुरावा म्हणून वर्ज्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ठरविले. त्याचबरोबर या त्रुटीची दखलही घेतली. पुढे बच्चुभाई कर्याणी खटल्यात (१९७१) रक्त वा लघवीची तपासणी झालेली नसताना केवळ वास, अडखळती चाल व विस्फारलेल्या बाहुल्या यांवरून मद्यधुंदतेचा निष्कर्ष काढता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता रासायनिक तपासणी आवश्यक आहे, परंतु विश्वासार्ह ताब्याविना ती पुरेशी नाही, हे तत्त्व हाती येते.

हे तत्त्व व्यवहारात उतरले नाही, याची प्रचीती २००२ च्या वांद्रे येथील अपघाताच्या खटल्यात आली. रुग्णालयात काढलेले रक्त ६ मिलिलीटर, तर प्रयोगशाळेत पोहोचलेले ४ मिलिलीटर, अशी तफावत पुढे आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली आरोपी अभिनेत्यास निर्दोष सोडताना रक्तपुराव्यातील त्रुटींनाही महत्त्व दिले. पुणे येथील मे २०२४ च्या अपघातात तर रुग्णालयातच रक्तनमुना बदलला गेल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. अन्य रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळवून पाहिल्यामुळे हा प्रकार उजेडात आला.

कायद्यातील सुधारणांची दिशा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये १९९४ साली झालेल्या सुधारणेने १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आणि श्वासविश्लेषक यंत्राची चाचणी आली. हे यंत्र रक्त मोजत नाही. श्वासातील प्रमाणावरून सरासरी गुणोत्तराच्या आधारे रक्तातील प्रमाण काढते. म्हणून यंत्राच्या नियमित प्रमाणीकरणाची नोंद हा पुराव्याचाच भाग ठरतो. २०१९ च्या सुधारणेने प्रयोगशाळेतील चाचणीला स्पष्ट स्थान दिले आणि पहिल्या अपराधासाठी दंडाची रक्कम १०,००० रुपये केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या अपराधांत न्यायसहायक तज्ज्ञाच्या घटनास्थळ भेटीची तरतूद केली. मद्यप्राशन करून वाहन चालविण्याच्या पहिल्या अपराधास कमाल सहा महिन्यांचा कारावास असल्याने तो एकटा या तरतुदीच्या कक्षेत येत नाही.

निष्कर्ष

कायद्याने शिक्षा वाढविली, आकड्याचे वजनही वाढविले. कुपीच्या रक्षणाची व्यवस्था मात्र त्या प्रमाणात बळकट झाली नाही. दोन मोहोरबंद नमुने घेणे, प्रत्येक हस्तांतरणाची वेळ व तापमान नोंदविणे, वाद उद्भवल्यास डीएनएद्वारे ओळख पटविणे आणि दुसरा नमुना आरोपीच्या मागणीवरून स्वतंत्र तपासणीस उपलब्ध ठेवणे, हे उपाय खर्चिक नाहीत. ते केवळ आरोपीच्या हिताचे आहेत, असेही नव्हे. साखळी तुटली की निर्दोष व्यक्ती अडकू शकते, तशीच दोषी व्यक्ती सुटूही शकते. आणि दुसऱ्या शक्यतेची किंमत रस्त्यावर जीव गमावलेल्यांची कुटुंबे मोजतात.