भिडे वाडा ते फुले वाडा, पायी पायी

गटाची सहल पुण्याला निघाली की बेत ठरलेला असतो. शनिवारवाडा, दगडूशेठचा गणपती, तुळशीबागेत खरेदी आणि संध्याकाळच्या गाडीने घाट उतरून परत कर्जत. आज त्याच भागातली दुसरी वाट सांगते. पेठांमधल्या बोळांची.

सुरुवात दगडूशेठच्या देवळापासूनच करायची. दर्शन झालं की रस्त्यापलीकडे बघा. तिथे तात्यासाहेब भिड्यांचा वाडा होता. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या. आपल्याकडे त्या वयाची पोर बारावीला असते! वाडा पुढे मोडकळीला आला, खाली दुकानं होती, कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडला. म्हणजे जुना दरवाजा, जिना आता दिसायचा नाही. तरी घटकाभर थांबा, जागा तीच आहे.

शाळेत जाताना लोक सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकत, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं ठेवत, हे आपण भाषणांत ऐकतो. पण पेठेतल्या एखाद्या अरुंद बोळातून चालून बघा. दोन्ही अंगांना घरं, वर खिडक्या. अंग चोरायचं म्हटलं तरी जागा नाही. आणि हे एक दिवसाचं नव्हतं, रोजचं होतं.

जवळच विश्रामबागवाडा आहे. १८५२ साली सरकारने तिथे जोतिरावांचा शाल देऊन सत्कार केला, शाळांच्या कामासाठी. शाल जोतिरावांना, शेण सावित्रीबाईंना, असं माझ्या मनात आलंच.

तुळशीबाग ओलांडली की मंडई. जोतिराव नगरपालिकेचे सभासद होते. बाजाराच्या इमारतीवर एवढा खर्च करण्यापेक्षा तो पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. इमारत झालीच, आणि पुढे तिला नाव दिलं महात्मा फुले मंडई!

तिथून विचारत विचारत गंज पेठेत, फुले वाड्यात यायचं. इथे आधी पाण्याची गोष्ट. आपल्या खोपोलीला नाना फडणवीसांनी तलाव बांधला. पुण्यातही पेशव्यांनी कात्रजहून नळ आणून पेठापेठांत हौद भरले. पाणी होतं, पण अस्पृश्य म्हटलेल्या बाईला तिथे घागर बुडवता येत नव्हती. वैशाखात हंडा घेऊन आपल्या वाड्यांवरच्या बाया किती चालतात ते तुम्हाला माहीत आहे. हाताशी पाणी असून दुसऱ्याने ओतेपर्यंत हात जोडून उभं राहायचं, हे त्याहून वाईट. १८६८ साली फुल्यांनी आपल्या घरचा हौद सगळ्यांना खुला केला.

जोतिराव २८ नोव्हेंबर १८९० ला गेले. त्यांना मूल नव्हतं. एका विधवा ब्राह्मण बाईचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला होता. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि टिटवं हातात घेऊन चालू लागल्या. आजही आपल्या किती गावांत बाईला स्मशानापर्यंत जाऊ देतात? जोतिरावांची समाधी वाड्याच्या आवारातच आहे. चपला बाहेर काढून आत जा.